भुवया विरळ होणे : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून भुवयांविषयी जी विचारणा होते, ती आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आणि लग्नसराईच्या तोंडावर वाढते, आणि तिचा सूर बहुधा ‘कोणते तेल लावू?’ असाच असतो. आमचे म्हणणे असे आहे की, केसांचा विचार करण्याआधी केसांखालची त्वचा नीट पाहावी. कारण मूळ जिवंत आहे की मेले आहे, यावरच पुढचे सारे उपाय ठरतात. एकाच गोष्टीचे उत्तर पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून जागोजागी इतर प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. भुवया खरोखर विरळ होत आहेत की मलाच तसे वाटते, हे कसे ओळखावे?

रोज आरशात पाहून हे कळत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, समोरून काढलेला एखादा स्पष्ट फोटो शोधावा (आधार कार्डावरचा नको, त्यात स्वतःचीही ओळख पटत नाही) आणि तसाच नवा फोटो दिवसाच्या उजेडात, भुवयांना काहीही न लावता काढून दोन्ही शेजारी ठेवावेत. त्यानंतर विरळ जागेची त्वचा बारकाईने पाहावी. ती नेहमीसारखी असून केसांची छिद्रे किंवा बारीक लव दिसत असेल, तर मुळे जिवंत असण्याची शक्यता मोठी असते. लाली, खवले किंवा खाज असेल, तर मूळ दुखणे त्वचेचे असू शकते (प्रश्न ९). त्वचा चकचकीत होऊन छिद्रेच नाहीशी झाली असतील, तर मुळे कायमची नष्ट होत असल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी घरगुती उपायांत महिने घालवू नयेत (प्रश्न १८). जागेला बधिरपणा असेल, तर प्रश्न ११ आधी वाचावा.

२. गेलेले केस परत यायला किती काळ लागतो?

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो; भुवईचा केस मात्र जेमतेम एक-दोन महिने वाढतो आणि उरलेला काळ विश्रांतीत काढतो. भुवया डोक्यावरच्या केसांसारख्या लांब होत नाहीत, त्याचे कारणही हेच. म्हणून मूळ शाबूत असेल तर उपटलेली भुवई भरून यायला साधारण तीन ते चार महिने लागतात आणि कोणत्याही उपायाचा गुण आला की नाही, हे त्याआधी ठरवता येत नाही. पंधरा दिवसांत भुवया दाट करून देण्याची जाहिरात दिसली, तर या हिशोबाची आठवण ठेवावी.

३. अनेक वर्षे थ्रेडिंग केले. आता काही ठिकाणी केस येतच नाहीत. ते पुन्हा येतील का?

काही येतील, काही येणार नाहीत. दोऱ्याने केस मुळापासून ओढला जातो. एकदा-दोनदा ओढल्याने मुळाचे काही बिघडत नाही, पण तेच मूळ दर पंधरा दिवसांनी, दहा-पंधरा वर्षे ओढले गेले की ते दुबळे होते, केस आधी बारीक व फिका येऊ लागतो आणि शेवटी येणे थांबते. बारीक भुवयांची फॅशन असताना ज्यांनी भुवया अगदी रेषेइतक्या ठेवल्या, त्यांच्याकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो.

उपाय म्हणजे हात आवरणे. किमान चार महिने भुवयांना दोरा, चिमटा आणि वॅक्स यांपैकी काहीही लावू नये. मधल्या काळात भुवया विस्कटलेल्या दिसतील. अगदीच गरज वाटल्यास लांब केस छोट्या कात्रीने कापावेत, उपटू नयेत. कोणी म्हणेल की घरात लग्न आहे, पण नवरीच्या भुवयाही शेवटचा महिना सोडून आधीचे तीन महिने वाढू देता येतात आणि पार्लरवालीला मग आकार द्यायला काहीतरी शिल्लक राहते. चार महिन्यांनंतरही जी जागा तशीच रिकामी राहील, तिच्यासाठी प्रश्न १३ ते १६ पाहावेत.

पार्लरमध्ये दोऱ्याचे टोक दातांत धरण्याची पद्धत असेल, तर ती नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दोरा प्रत्येकीसाठी नवा हवा, कारण भुवयांच्या कडेने उठणारे बारीक चपटे चामखीळ थ्रेडिंगमुळे पसरल्याचे त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी दिसते.

४. बाळाच्या भुवया अगदी फिक्या आहेत. वस्तऱ्याने काढल्या किंवा काजळ लावले तर दाट येतील का?

नाही. वस्तरा केसाला त्वचेच्या वर कापतो, मुळापर्यंत तो पोहोचतच नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो जाड भासतो इतकेच. भुवई किती दाट असावी हे आनुवंशिकतेने ठरते आणि अनेक बाळांच्या भुवया पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप गडद होतात. मालिश करताना आजी भुवयांना बोटाने आकार देत असेल तर तिला ते सुख घेऊ द्यावे, काजळ मात्र बाळाला लावू नये. अनेक काजळांत आणि सुरम्यात शिसे आढळले आहे.

५. एरंडेल तेल, कांद्याचा रस, लसूण यांपैकी कशाने भुवया येतात?

एरंडेलाने नवे केस उगवतात असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ते घट्ट असल्यामुळे केसांवर थर बसतो, असलेले केस काळेभोर व एकत्र दिसतात आणि कोरडे केस कमी तुटतात. एवढ्यासाठी रात्री एक थेंब लावायला हरकत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि पुरळ उठल्यास बंद करावे.

कांद्याच्या रसाची कीर्ती डोक्यावरच्या चाईसंबंधी (प्रश्न १०) झालेल्या एका छोट्या अभ्यासामुळे पसरली. चाई हा वेगळा आजार असून तो अनेकदा आपोआपही बरा होतो, त्यामुळे तो निष्कर्ष थ्रेडिंगने गेलेल्या भुवईला लावता येत नाही. लसूण तर मुळीच चोळू नये. ठेचलेली लसूण त्वचेवर बांधून ठेवल्यास खरोखरचा चटका बसतो, फोड येतात आणि व्रण राहिला तर जिवंत असलेली मुळेही जातात.

६. आहारात काय बदल करावा? माझे हिमोग्लोबिनही कमी आहे.

केस प्रथिनांचा बनलेला असतो आणि मुळांना लोह व जस्त लागते. त्यासाठी परदेशी बिया विकत आणण्याची गरज नाही. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, मठ (मटकी), तूर, शेंगदाणे, पालेभाजी आणि चालत असल्यास अंडी व मासे यांतून बहुतेकांची गरज भागते. जेवणासोबत लिंबू घ्यावे आणि जेवल्या जेवल्या चहा टाळावा, कारण चहामुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते.

हिमोग्लोबिनविषयी मात्र एक गोष्ट जपून लिहावी लागते. सातपुड्याच्या पट्ट्यातील, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्यात हिमोग्लोबिन कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता हेच असेल असे नाही. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह आधीच जास्त झालेले असू शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या स्वतः आणून महिनोन्‌महिने घेण्याआधी फेरिटिनची (शरीरातील लोहाच्या साठ्याची) आणि कुटुंबात इतिहास असल्यास सिकलसेलची तपासणी करून घ्यावी.

७. बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित आढळते आणि ती नसताना गोळ्यांचा भुवयांना लाभ होतो असे दिसलेले नाही. उलट एक अडचण होते : जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात, टीएसएच (थायरॉइडचा स्राव कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो आणि असलेला आजार झाकला जातो. गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या थांबवाव्यात.

८. भुवयांची फक्त बाहेरची टोके गेली आहेत. हे थायरॉइडचे लक्षण आहे असे मैत्रीण म्हणते. खरे आहे का?

खरे असू शकते, पण नेहमीच नाही. थायरॉइडचा स्राव कमी पडला की भुवईचा कानाकडचा तिसरा हिस्सा विरळ होणे ही वैद्यकशास्त्रात जुनी, ओळखीची खूण आहे. सोबत वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, सुस्ती किंवा पाळीतील बदल असतील, तर टीएसएच तपासणे योग्यच आहे. मात्र हाच भाग थ्रेडिंगने, कुशीवर झोपून उशीला घासल्याने, इसबाने, वयोमानाने आणि कुष्ठरोगानेही जातो. त्यामुळे टीएसएच ठीक आला म्हणजे शोध संपला असे समजू नये. आजार निघालाच तर गोळ्या सुरू झाल्यावर केस यायला काही महिने लागतात आणि त्या काळात केस आले नाहीत म्हणून गोळी सोडणे ही सर्वांत घातक चूक ठरते.

९. भुवयांत कोंडा होतो, खाज येते. दुकानदाराने दिलेल्या मलमाने आराम पडला, पण केस कमी झाले.

तेलकट पिवळसर खवले आणि लाली असेल तर तो डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊ असतो, आणि त्यावर केटोकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध चालते. कडा उठलेली गोल चकती असेल तर ते गजकर्ण असू शकते. दोन्हींत केस बहुधा खाजवल्यामुळे तुटतात आणि दाह शमल्यावर परत येतात.

चिंता मलमाची आहे. खाजेवर सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि जंतुनाशक असे तिन्ही एकत्र असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, गजकर्ण मात्र आत पसरत राहते, त्वचा पातळ होते आणि डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. नळीवर या नावांपैकी काही असेल तर ती डॉक्टरांना दाखवावी आणि चिठ्ठीशिवाय पुन्हा आणू नये.

१०. भुवईत अचानक नाण्याएवढी गुळगुळीत जागा पडली. खाज नाही, दुखणे नाही. हे काय असेल?

ही बहुधा चाई असते. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच केसांच्या मुळांवर चाल करून जाते आणि ठरावीक जागेचे केस गळतात. कीड लागली किंवा पाल फिरली, असे जे सांगितले जाते त्यात तथ्य नाही. चाई संसर्गजन्य नाही आणि तिच्यात मुळे मरत नाहीत, म्हणूनच वर्षभराने केस येण्याचीही आशा असते. छोटी चाई अनेकदा काही महिन्यांत आपोआप भरते, सुरुवातीला कधी पांढऱ्या केसांनी. न भरल्यास त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचे अत्यंत सौम्य इंजेक्शन त्या जागी देतात, ज्याने कधी कधी त्वचेला तात्पुरता खळगा पडतो. दोन्ही भुवया, पापण्या आणि डोक्यावरचे केसही जात असतील तर बॅरिसिटिनिबसारखी गोळी दिली जाते. अमेरिकेत तिला तीव्र चाईसाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून आधी क्षयरोगाची तपासणी करावी लागते आणि ती स्वतःच्या मनाने घेण्याची वस्तू नव्हे.

११. भुवया गेल्या म्हणून गावात कुष्ठरोगाची कुजबुज सुरू झाली आहे. तसे असू शकते का?

केवळ भुवया विरळ झाल्या म्हणून कुष्ठरोग ठरत नाही, पण शक्यता लपवून ठेवण्यातही अर्थ नाही. या रोगाच्या एका प्रकारात चेहऱ्याची त्वचा, विशेषतः कानाच्या पाळ्या, जाडसर होतात आणि भुवया बाहेरच्या बाजूने गळू लागतात. फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेले चट्टे, हातापायांना बधिरपणा, न कळत बसलेले चटके आणि जाड झालेल्या नसा या त्याच्या सोबतच्या खुणा आहेत. यांपैकी एकही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे किंवा आशाताईंना सांगावे.

उपचार सरकारी केंद्रांत मोफत असून, जंतू जास्त असलेल्या प्रकारात ते १२ महिने चालतात. औषध सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो, त्यामुळे त्याचे ताट वेगळे काढण्याचे काहीही कारण उरत नाही. पूर्वी हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात नमूद होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. उशिरा उपचार घेतल्यास गेलेल्या भुवया पूर्ण येतीलच असे नाही, पण हातापायांची आणि डोळ्यांची हानी टळते आणि खरी घाई त्यासाठीच करायची असते.

१२. तपासणीसाठी कोठे जावे आणि सोबत काय न्यावे?

त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना भुवयांना पेन्सिल किंवा तेल लावू नये, जुने फोटो, चालू औषधांची यादी आणि आधी लावलेल्या मलमांच्या नळ्या सोबत न्याव्यात. रक्ताच्या दहा तपासण्या स्वतःच करून नेण्यापेक्षा आधी त्वचा दाखवणे स्वस्त पडते.

१३. डोक्यावर लावायचे मिनॉक्सिडिल भुवयांना चालते का?

डॉक्टर ते देतात, मात्र औषधाच्या मूळ मान्यतेत भुवया येत नाहीत. त्यामुळे ते देखरेखीखाली लावावे. सहसा २ टक्क्यांचे द्रावण कापसाच्या काडीने, फक्त रिकाम्या जागी लावतात. पहिल्या काही आठवड्यांत असलेले केसही गळतात, त्याला घाबरू नये. गुण चार-सहा महिन्यांत दिसतो आणि औषध सोडल्यास आलेले केस पुन्हा जाऊ शकतात. घामाबरोबर ते डोळ्यांत किंवा कपाळावर उतरते आणि कपाळावर लव येते, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते रात्री लावून सुकू द्यावे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना वापरू नये. मुळेच मेली असतील तर त्याचा उपयोग नाही.

पापण्यांसाठीचे बिमॅटोप्रोस्टही काही डॉक्टर भुवयांसाठी सुचवतात. त्याने लावलेल्या जागेची त्वचा काळवंडू शकते आणि काचबिंदूचे उपचार चालू असणाऱ्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

१४. उन्हाळ्यात आयब्रो पेन्सिल टिकत नाही. काळी मेहंदी लावली तर?

काळी मेहंदी भुवयांना लावू नये. साध्या मेहंदीचा रंग तांबूस असतो. ती काळी करण्यासाठी घातलेल्या पीपीडी या रसायनाने तीव्र ॲलर्जी होऊ शकते, डोळे सुजून बंद होतात आणि पुढे आयुष्यभर पीपीडी असलेला कोणताही हेअर डाय सोसत नाही. केसांच्या डायच्या खोक्यावरही भुवयांना व पापण्यांना लावू नये, असे छापलेले असते.

भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा मेणयुक्त पेन्सिल वितळणारच. त्याऐवजी आधी त्वचेचे तेल टिपून घ्यावे, केसांच्या रंगाहून किंचित फिकी भुकटी तिरप्या ब्रशने रिकाम्या जागीच भरावी आणि वर रंगहीन जेल फिरवावे. एकच जाड काळी रेष ओढण्यापेक्षा केसाच्या दिशेने बारीक रेघा मारल्यास दुरून ओळखू येत नाही.

१५. मायक्रोब्लेडिंग करावे का?

गोंदणाची परंपरा असलेल्या आपल्या भागात सुईची भीती कमी आहे, म्हणून इथे चार शब्द जास्त. यात बारीक पात्याने त्वचेवर केसांसारख्या रेघा मारून रंग भरतात. तो साधारण एक ते दीड वर्षात फिका होतो, तेलकट त्वचेत त्याआधीच पसरतो. पाते सीलबंद पाकिटातून तुमच्या समोर काढले गेले पाहिजे, कारण अस्वच्छ साधनांनी हेपॅटायटिस बी व सी पसरू शकतात. व्रण उंच वाढणाऱ्यांनी, अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. त्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही आणि एमआरआयच्या वेळी तंत्रज्ञाला त्याची कल्पना द्यावी लागते. आजाराचे निदान होण्याआधी मात्र ते मुळीच करू नये. रंगाखाली त्वचेच्या खुणा झाकल्या जातात. जखम भरेपर्यंत घाम टाळायचा असल्यामुळे एप्रिल-मे सोडून दुसरा महिना निवडणे शहाणपणाचे.

१६. केसांचे प्रत्यारोपण भुवईवर होते का?

होते. डोक्याच्या मागच्या भागातील एकेक केस काढून भुवईत बसवतात. बसवलेले केस आधी गळतात, मग तीन-चार महिन्यांत उगवू लागतात आणि पूर्ण रूप यायला वर्षभर लागू शकते. ते डोक्याचे केस असल्याने वाढतच राहतात, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी कापावे लागतात. ही गोष्ट सल्ला घेताना फार कमी जण विचारतात. थ्रेडिंगने, भाजल्याने किंवा अपघाताने रिकामी झालेली जागा यासाठी योग्य असते. चाई किंवा प्रश्न १८ मधील आजार चालू असताना बसवलेले केसही जाऊ शकतात.

१७. टायफॉइडनंतर किंवा बाळंतपणानंतर केस गळाले, त्यात भुवयाही विरळ झाल्या. काय करावे?

मोठा ताप, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती होते आणि ती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. पोटभर, प्रथिनयुक्त जेवण आणि प्रश्न ६ मधील तपासण्या पुरेशा आहेत.

१८. वय पन्नाशीपुढे आहे. भुवया जात आहेत आणि कपाळही मोठे दिसू लागले आहे. हे वयामुळेच ना?

असे गृहीत धरू नये. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये मुख्यतः आढळणाऱ्या एका आजारात कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, तिथली त्वचा फिकी व गुळगुळीत दिसते आणि भुवया कधी त्याच्याही आधी जातात. यात दाहामुळे मुळांच्या जागी व्रण होतो. गेलेले केस परत मिळत नाहीत, पण वेळेत औषध सुरू केल्यास उरलेले वाचवता येतात. या पानावरील सर्व प्रश्नांत वेळेला सर्वाधिक किंमत इथे आहे.

१९. मुलगी अभ्यास करताना स्वतःच भुवया उपटते. रागावूनही ऐकत नाही.

रागावल्याने ही सवय वाढते, कारण ती ताणातूनच आलेली असते आणि अनेकदा उपटल्याचे मुलांना भानही नसते. लहान-मोठ्या लांबीचे तुटके केस आणि वेडीवाकडी कड ही तिची ओळख. सवय बदलण्याचे समुपदेशन गुणकारी ठरते, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा बालरोगतज्ज्ञामार्फत जावे. केस गिळण्याची सवयही असेल आणि पोट दुखत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

२०. एका भुवईतले काही केस पांढरे झाले. ते उपटावेत की रंगवावेत?

वयाने येणारा एखाद-दुसरा पांढरा केस कापून टाकला तरी चालतो. चाई भरताना येणारे पांढरे केस पुढे काळे होऊ शकतात, म्हणून ते तसेच राहू द्यावेत. मात्र केसांखालची त्वचाही पांढरी पडत असेल तर ते कोड असू शकते, आणि कोड असलेल्या त्वचेला जिथे ओरखडा किंवा ओढ बसते तिथे नवा डाग उठण्याची प्रवृत्ती असते. अशा व्यक्तींनी चेहऱ्यावर थ्रेडिंग, वॅक्स आणि मायक्रोब्लेडिंग यांपैकी काहीही त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये. आकार द्यायचाच असेल तर कात्री वापरावी.